फणफण

सोमवारी छापखान्यातलं मशीन बंद पडलं, मंगळवारी घरातला नळ तुटला. दोन्ही मीच दुरुस्त केले, तेवढ्यात मालकाचं डोकं फिरलं. म्हणाला, "रविवारची सुट्टी विसर. नाही आलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." या माणसाला माणसं नकोत, बैल हवेत. तेही बिनचाऱ्याचे!

नेमका रविवारी सकाळी मला सणसणून ताप भरला. नोकरी जाणार, या धास्तीने मी अंथरुणातूनच शर्ट शोधत होतो. आईने माझा फोन हिसकावला, मालकाला लावला, स्पीकरवर टाकला आणि सुरूच झाली.

"अहो मालक, पोरगा सकाळपासून नुसता फणफणलाय! डोळे लालभडक झालेत, दात कडाकडा वाजतायत. झोपेतसुद्धा तुमचंच नाव घेऊन ओरडत होता."

पलीकडून मालकाचा बारीक आवाज आला, "माझं? मावशी, घरात त्याला आवरायला कुणी नाही का?"

"मी एकटी बाई काय आवरणार! मघाशी तर उठून तुमच्याकडेच निघाला होता. शेवटी दाराला कडी घातली आणि त्याच्या उशाशी बसलेय."



"मावशी, त्याला म्हणावं आज सुट्टी, उद्या सुट्टी, पुढचे सगळे रविवार त्याचेच. पण तुमच्या पाया पडतो, तेवढी कडी काढू नका!"