एक तिकीट

सोमवारी रात्रीचा फुटबॉल सामना देशभर टीव्हीवर दिसणार होता, आणि तोही बफेलो शहराच्या मैदानावरून. पण एक तिकीट खपायचं राहिलं, म्हणून, सगळी तिकिटं खपली नाहीत तर त्या गावात सामना टीव्हीवर दाखवायचा नाही या नियमाप्रमाणे, बफेलोपुरता टीव्हीवरचा सामना बंद झाला. चेस्टरने बायकोला, बर्निसला, गाडीत घातलं आणि बर्फातून नव्वद मैल हाकत परगावातलं मोटेल गाठलं. तिथल्या टीव्हीसमोर निम्मं बफेलो आधीच ठाण मांडून बसलं होतं.

"एका तिकिटापायी ही वणवण! कोण तो चिंगूस?" चेस्टर कडाडला.

"तंगडं मोडा त्याचं!" सगळे ओरडले.

बर्निसने कोंबडीचा तळलेला पंख चघळत नवऱ्याला विचारलं, "तूच का नाही काढलंस रे?"

"मी कशाला काढू? घरी टीव्हीवर फुकट दिसणार होता ना!"

"बरोबर आहे," अख्खं मोटेल एका सुरात म्हणालं.