चौऱ्याऐंशी टक्के

सोने तपासायच्या यंत्राचे झाकण बंद झाले आणि शेवंतीने पदराचे टोक मुठीत धरले. यंत्रात वाटाण्याएवढा, ओबडधोबड सोन्याचा तुकडा होता. काल देवळाच्या मानकऱ्यांना तो तिच्या तांदळाच्या डब्यात सापडला होता.

आज चौघेही मानकरी मालवणच्या बाजारात, दत्तप्रसाद सोनाराच्या पेढीवर हजर होते. पालखीच्या दिवशी देवीची नथ नाहीशी झाली. देवळातली झाडलोट वीस वर्षे शेवंतीकडे. तिनेच नथ चोरली, असे गावात आठ दिवस चालले होते; तुकडा सापडल्यावर ती वितळवली हेही ठरले. चोरी शाबीत झाली तर देवळाची पायरी बंद आणि पोलिसांत तक्रार.

"माझ्या सासऱ्याक गावलो तो, व्हाळाच्या पाण्यात," ती पुन्हा म्हणाली. "मातीतला सोना आसा. जसो गावलो तसोच."

"व्हाळात कुर्ल्यो गावतत गो, सोना नाय," तुकाराम गावकर म्हणाले. बाकीचे हसले.

दत्तप्रसाद हसला नाही. त्याने आकडा वाचला. "चौऱ्याऐंशी टक्के."

शेवंतीचे तोंड उतरले.

"म्हणजे भेसळ!" गावकर उठलेच. "दागिनोच तो. चला, चौकीवर."

"बसा, तात्यानू. भेसळ कसली ती तरी बघा." दत्तप्रसादने यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सोने ८४.२. चांदी १४.९. लोखंड ०.९. तांब्यासमोर शून्य.

"देवीची नथ माझ्या बापाशीन केल्ली. तेच्यात तांबा आसा. दागिनो वितळवलो म्हणान तांबा खंय जातला? मातीतल्या सोन्यात चांदी आपसूकच असता. ह्या कोणी घडवलेला सोना नाय."

गावकरांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले. मग टोपी काढली. "शेवंती, चुकला आमचा. पालखीतली लुगडी परत एकदा झाडून बघूया."

शेवंती स्टुलावर बसली आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला तहान लागली होती.

दत्तप्रसादने तुकडा कागदात बांधला. "गेल्या शिमग्यात ह्योच तुकडो घेवन इल्लंस. म्हणा होतंस, चांदी-बिंदी काय आसा ती काढून चोख करून दी. वजनात घट येतली म्हणान मीच नको म्हटलंय. नुसत्या माझ्या शब्दार कोण इश्वास ठेवतलो, म्हणान आधी यंत्रात घातलंय. आज फुकट करून देतंय. दी हयसर."

शेवंतीने पुडी कमरेला खोचली आणि वर हात दाबून धरला.

"नको रे बाबा! तेव्हा तू चोख करून दिलंस असतंस, तर आज मी चोर."