डोळे मिटायची भीती

१९३८ साल. वडगावच्या देवळात चंपाबाई रोज सकाळी विणकरांच्या बायकांना आसनं शिकवायच्या. अंजनी बहिरी होती, पण इतरांचं बघून ती सगळं करायची. फक्त शवासनात तिचे डोळे मिटत नसत. लहानपणी सौंदत्तीच्या जत्रेत ती झोपली असताना घरच्यांच्या गाड्या तिला विसरून निघून गेल्या होत्या. तेव्हापासून डोळे मिटले की तिची छाती धडधडायची.

"तिला ऐकूच येत न्हाय, कशाला घेतलासा तिला?" त्यांच्यातली मनुबाई कुरकुरायची.

एके दिवशी चंपाबाईंनी अंजनीच्या पापण्यांवर हलकेच हात ठेवला. दमलेल्या अंजनीला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन गाभाऱ्यापर्यंत आलं होतं. घरोघरचे माग एव्हाना सुरू झाले असणार. सगळ्या आपल्याला टाकून गेल्या, असंच तिला वाटलं. कितीतरी वेळ तिला बाजूला बघायचा धीर होईना. शेवटी तिनं मान वळवली.


मनुबाईसकट बाकीच्या बाराही जणी अजून निपचित पडून होत्या. चंपाबाईंनी त्यांना बजावलं होतं, "आज अंजनी उठंल, तवाच समद्यांनी उठायचं."