दुसरा टॅग

बायको, गवराबाई, गेली हे कोंडीरामला कंपनीत लाइनवर कळलं. सुपरवायझर जवळ आला, त्यानं मशीन बंद करायला लावलं आणि म्हणाला, गेटवर घरून फोन आला होता, बाई गेल्या, तुम्ही निघा. कोंडीराम कंपनीच्या कपड्यांतच पार्किंगकडे पळाला. मोटरसायकलचं बटण दाबलं आणि निघोज्याला घर गाठलं. पोचला तेव्हा तिचा हात अजून ऊन होता. तेवढं त्याला मिळालं.

तेरावं झाल्यावर तो पुन्हा कामावर आला. लॉकर उघडला, तर त्या दिवशीचा शर्ट तसाच टांगलेला, आणि शर्टाच्या खिशात टॅग.

टॅग म्हणजे रुपयाहून थोडी मोठी काळी चकती. ती जवळ असली की गाडी धन्याला ओळखते आणि बटण दाबताच चालू होते. नसली तर टीं टीं करून गप्प बसते. किल्लीचं कामच नाही. आधीची गाडी चोरीला गेली, म्हणून कोंडीरामनं नव्या गाडीला हे बसवून घेतलं होतं. आता टॅग जर लॉकरमध्ये होता, तर त्या दिवशी गाडी चालू कशी झाली? आणि आज सकाळी तो आला कसा?

दिवसभर त्याच्या डोक्यात तेच. शिफ्ट सुटल्यावर तो तळेगाव रस्त्याला रविराजच्या दुकानात गेला. यंत्र रविराजनंच बसवलेलं. सगळं ऐकून त्याला वाटलं, काकांचं चित्त ठिकाणावर नाही. टॅग खिशातच असेल. कोंडीरामनं टॅग त्याच्या हातात दिला आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ठेवून यायला सांगितलं. रविराज ठेवून आला. कोंडीरामनं बटण दाबलं.

गाडी चालू झाली.

"आयला," रविराज म्हणाला. "काका, दुसरा टॅग कुठंय?"

दुसरा गवराबाईकडे दिला होता. लेकीनं तिचं सामान आवरलं तेव्हा तो ना पेटीत मिळाला, ना बटव्यात.

रविराजनं सीट काढली, बाजूची झाकणं उघडली, हत्यारांची पिशवी झटकली. काही नाही. मग त्याची नजर आरशाच्या दांडीवर गेली. तिथं पिवळ्या फडक्याची पुरचुंडी बांधलेली होती. जेजुरीचा भंडारा. गाडीला हे यंत्र बसवलं त्याच आठवड्यात गवराबाईनं ती बांधली होती. रविराजनं पुरचुंडी चिमटीत धरून दाबली.

"आत काहीतरी आहे."

"सुपारी आसंल. भंडाऱ्यात घालत्यात."

"चपटी सुपारी, काका?"

तो गाठ सोडायला लागला तसा कोंडीरामनं त्याचा हात धरला. ही गाठ गाडीवर सोडत नाहीत. जेजुरीला जायचं, देवाच्या पायरीवर सोडायची आणि नवी बांधायची. तिनं बांधलेली तर मुळीच नाही. मग रविराजनं आपला जेवणाचा स्टीलचा डबा पुढं केला. पत्र्यातून टॅगचं काही चालत नाही, म्हणाला, गाठ न सोडताच कळेल.

"अंडं-बिंडं न्हाई ना व्हतं यात?"

"मटकी होती. घासलाय डबा."

कोंडीरामनं फडक्याची गाठ तशीच ठेवून दांडीचा दोरा तेवढा सोडला, पुरचुंडी डब्यात ठेवली, झाकण लावलं. बटण दाबलं. टीं टीं. झाकण उघडून पुन्हा दाबलं. चालू. त्यानं तीनचारदा तेच केलं. एखाद्या लहान पोरासारखा तो डब्यात वाकून बघत राहिला.

रविराज स्टुलावर बसला. त्याला आता आठवलं. यंत्र बसवायला दोघं आले होते, कोंडीराम चहा सांगायला गेला, तेवढ्यात काकूंनी विचारलं होतं की टॅग किती जवळ लागतो, आणि कापडातून चालतो का. चालतो म्हटल्यावर त्यांनी पावसाचंही विचारून घेतलं होतं. त्याला वाटलं, साडीच्या कनवटीला लावायचा असेल.

वर्षभर कोंडीराम तिला ऐकवत होता, की किल्लीची भानगड मिटल्यापासून मी एकदाबी काय इसरलो न्हाई. ती भाकरी थापता थापता नुसतं म्हणायची, "व्हय."

"म्हणजे काका, वर्षभर गाडी उघडीच," रविराज म्हणाला. "कुणीही बटण दाबून नेली असती." मग थोडं थांबून त्यानं सांगितलं की गाठ सोडायची गरज नाही. यंत्रातून तो टॅग पुसून टाकता येतो. मिनिटाचं काम. "पुसू का?"

"न पुसता किती दिस चालंल?"

"आत सेल असतो. वर्ष, दीड वर्ष. संपला की गाठ सोडून बदलायला लागेल."

"मंग ऱ्हाऊ दे."

"अहो, पण चोर?"

"चोराला म्या बगतो."

त्यानं पुरचुंडी होती तशी आरशाच्या दांडीला बांधली. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून जाड साखळी आणि कुलूप घेतलं. त्या कुलपाची किल्ली पहिल्याच आठवड्यात हरवली.

आता रोज सकाळी कामावर निघण्याआधी तो आपला टॅग मागच्या खोलीत मांडणीवर ठेवतो, अंगणात येतो आणि बटण दाबून बघतो. गाडी चालू झाली की बंद करतो, आत जातो, टॅग खिशात घालतो आणि मग निघतो. गेल्या काही दिवसांत नुसत्या पुरचुंडीवर पहिल्या दाबाला गाडी टीं टीं करते आणि दुसऱ्याला चालू होते.

गाठ सोडून सेल बदलायचा राहिला आहे.