डोंगरामागचा पलंग

निवृत्त ड्राफ्ट्समननं आपली छोटी खेळण्यातली रेल्वे बायकोच्याच खोलीत मांडली होती. अर्धांगवायूनं ती अंथरुणाला खिळलेली. तिला एकटं सोडून दुसरीकडे रमायची सोयच नव्हती. गाडीचा फोटो काढला, की कॉम्प्युटरवर डोळे ताणून तो कागदी डोंगरामागचा पलंग, औषधांच्या बाटल्या, तिची पावलं एकेक करून पुसायचा आणि तिथं निळं आभाळ भरायचा.

"आज कुठे लपवलंत मला?" ती विचारायची.

"ढगाआड," आखडलेली मान चोळत तो म्हणायचा.

एकदा थकव्याच्या भरात छंदवाल्यांच्या ग्रुपवर न पुसलेलाच फोटो गेला. ध्यानात येईपर्यंत चाळीस जणांनी तो पाहिला होता, पण एकानंही चकार शब्द काढला नव्हता. बायकोला आपण चारचौघांत उघड्यावर आणलं, या विचारानं त्याला जेवण गेलं नाही.

दुपारी एक मेसेज आला, फक्त त्याच्यासाठी. पाठवणारा ग्रुपमधला सगळ्यात काटेकोर माणूस. त्याच्या फोटोंत कधी धुळीचा कणही दिसत नसे.



"पलंगाचे पाय तुम्ही कसे पुसता हो? माझ्या आईच्या पलंगाची सावली काही केल्या जात नाही."