अक्काचा हुकूम

"आई कुठंय?" सुलक्षणानं पिशवी खाली ठेवत विचारलं.

टेबलावरच्या हातभर उंच रोबोनं मान वळवली. "समोरच्यांकडे पापड लाटायला गेल्यात, अक्का."

पिंप्राळ्याच्या घरात हा रोबो तिच्या भावानं, नवलनं आणला होता. विसरण्याचा आजार झालेल्या माणसाशी गप्पा मारायला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी असावं म्हणून सुलक्षणा हजर होती, आणि समोर हे.

"आणि नाना?" तिनं वडिलांबद्दल मुद्दाम विचारलं.

"नाना मळ्यात गेलेत. संध्याकाळी येतील."

सुलक्षणाचं डोकं फिरलं. "नवल! नानांना जाऊन सहा वर्षं झाली. आईला रोज हेच सांगतं का हे?"

"खरं सांगितलं तर रोज नव्यानं रडणं होतं, अक्का," नवल म्हणाला. " जेवण सुटतं. एकदा तर भिंतीवर डोकं आपटून झालं."

"मग रडू द्या! रडायचा हक्कही काढून घेतला? माणूस आहे की मुकं ढोर, चारा टाकला की गप? जिनं आपल्याला खरं बोलायला शिकवलं, तिच्यापुढं खोटं बोलायला मशीन बसवता! लाज शे का काही?"

नवलची मुलगी भाविका पाणी घेऊन आली. "आत्या, ही उन्हाची गोळी."

सुलक्षणानं ती रागारागात गिळली. "तूही सामीलच असशील यांना."

भाविका रिकामा पेला घेऊन आत गेली.

"आजपासून या घरात खोटं बंद," सुलक्षणा कडाडली. "सांग या डबड्याला. माझ्यासमोर सांग. नाहीतर उचलून रस्त्यावर फेकते."

"अक्का, विचार कर."

"केला! लहानपणी खोटं बोललास की कान पिळायचे मी. विसरलास?"

"नाही विसरलो."

नवल रोबोजवळ गेला. "आजपासून फक्त खरं सांगायचं. अक्काचा हुकूम आहे."

"बरं," रोबो म्हणाला.

सुलक्षणानं पदरानं घाम पुसला. आता तिला बरं वाटत होतं.

आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. नवलची बायको कोकिळा हिनं पाटावर दोन घागरी मांडल्या. प्रत्येकीवर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या.

"एक नानांची," सुलक्षणा म्हणाली. "दुसरी कोणाची गं?"

कोकिळानं नवलकडे पाहिलं. नवलनं मान खाली घातली.

"आईंची, अक्का," रोबो म्हणाला. "त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मला तुमच्यासाठी आणलंय."