शेवटचा चेहरा

उमरेडच्या भूमिकाचं काल सिझर झालं. बाळ पोटातच गेलं होतं. आज नंदिनी सिस्टरने हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता तिच्यापुढे धरला. "किती दुखून राहिलं वं पोरी? तसा चेहरा दाखव."

भूमिकाने शेवटच्या, टिपं गाळणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. सिस्टरने कागदावर दुखणं 'दहापैकी दहा' लिहिलं आणि लगबगीने इंजेक्शन भरून आणलं. पाहते तर बोट अजून तिथंच, त्या गोल गालांवरून हळूहळू फिरत होतं.

"टाके एवढे काही नाही दुखून राहिले, सिस्टर," भूमिका म्हणाली. नजर तक्त्यावरून हलली नाही.



"माह्या लेकरानं एकदा तरी असं रडाले पाहिजे होतं."